चोराने चपला बाहेर काढाव्यात

तुमच्याकडे कुत्रा येणार आहे आणि तो मोठ्या जातीचा असणार आहे, हे रेवाने परवा फोनवर सांगितलं. तुमच्या आईने त्यावर माझं मत विचारलं. ते फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून पाठवते आहे. ईशानने मोठ्याने वाचावं आणि रेवाने मध्ये बोलू नये.

गिरगावात आमच्या वाडीत एक गृहस्थ होते, सगळी फणसवाडी त्यांना दाजी म्हणायची. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. मूळचे ते नायगावचे. लग्न झाल्यावर नवरी नवऱ्याच्या घरी जाते, इथे नवराच नवरीच्या घरी आला, कारण सासऱ्यांना मुलगा नव्हता आणि त्यांची तळमजल्यावरची खोली वाडीत सगळ्यांत मोठी होती. दाजींच्या बायकोला आम्ही ताई म्हणायचो. ताई वाडीची लेक, तेव्हा दाजी सगळ्या वाडीचे जावई. जावयाचा मान मोठा असतो. वाडीने तो इतका ठेवला की त्यांना आयुष्यभर कोणी काही करू दिलं नाही आणि बोलूही दिलं नाही. पाण्यावरून भांडण असो की गणपतीची वर्गणी, दाजींनी तोंड उघडलं की कोणीतरी म्हणायचं, "दाजी, तुम्ही बसा, तुम्ही कशाला त्रास घेता," आणि त्यांच्या हातात चहाचा कप यायचा. मला वाटतं, त्यांनी वाडीत जितका चहा घेतला तितकी वाक्यं त्यांची पोटात राहिली.

अंगाने किडकिडीत, पांढरा शर्ट, डोक्यावर एकही केस नाही आणि वरच्या खिशात कंगवा. कंगवा कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "असू दे. कुणाला लागला तर." भर उन्हाळ्यात छत्री, विजारीच्या खिशात दोन सेफ्टी पिना, सुईदोरा, सगळं कुणाला लागलं तर. आमच्या एका शेजारणीच्या मुलीच्या लग्नात बोहल्यावर नवरदेवाचा नाडा तुटला तेव्हा दाजींनी गर्दीतून पुढे येऊन नवा नाडा दिला. लग्नाला जाताना ते बरोबर नाडा घेऊन निघत असतील, असं कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दुसरं त्यांचं वाक्य म्हणजे "विचारून बघू." ताई होत्या तोवर ते ताईंना विचारत. ताई गेल्यावर विचारायला कोणी उरलं नाही. संध्याकाळी ते दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कंगवा हवा का म्हणून बघायचे. तेव्हा नायगावचा पुतण्या एक पिल्लू घेऊन आला. भाजीच्या पिशवीत मावलं होतं.

"काका, सोबत होईल तुम्हाला," पुतण्या म्हणाला. "जात मोठी आहे, पण ही त्यातली लहान आहे."

दाजींनी तिचं नाव चिमणी ठेवलं.

वर्षाच्या आत चिमणीचं डोकं पाच लिटरच्या कुकरएवढं झालं. जात बुलमॅस्टिफ. रंग बिस्किटासारखा, तोंड काळं, आणि कपाळावर कायम आठ्या, जणू हातात नुकतंच विजेचं बिल पडलंय. लाळ इतकी की दाजी खांद्यावर पंचा टाकून फिरू लागले. सकाळी दोघं चौपाटीवर निघाले की कोण कोणाला फिरवतंय याबद्दल पाहणाऱ्याच्या मनात शंका राहत नसे. वाडीच्या तोंडाशी वरळी कोळीवाड्याची एक मावशी मासळी घेऊन बसते. ती रोज ओरडायची, "दाजी, तुजी ही म्हस जरा बाजूला घे, गिऱ्हाईकाला म्हावरं दिसत नाय." आणि त्याच दमात माशांची मुंडकी कागदात बांधून द्यायची.

पुतण्याने कुत्रा शिकवण्याचं एक इंग्रजी पुस्तकही दिलं होतं. दाजी ते घेऊन माझ्याकडे आले. मी रोज सकाळी एक प्रकरण वाचून मराठीत सांगायचे आणि ते स्टुलावर ताठ बसून ऐकायचे. पुस्तकात लिहिलं होतं की ही जात इंग्लंडात जंगलाच्या राखणदारांनी तयार केली. चोरून शिकार करणाऱ्याला हिने पाडायचं आणि राखणदार येईपर्यंत नुसतं धरून ठेवायचं. चावायचं नाही. हे दाजींना फार आवडलं. "सभ्य आहे," ते म्हणाले.

पुढचे नियम मात्र त्यांना पटेनात. मालकाने आधी जेवावं, कुत्र्याला मागून द्यावं.

"हे जमणार नाही," दाजी म्हणाले. "ती उपाशी बघत बसणार आणि मी जेवणार? घास उतरेल का माझा?"

दारातून बाहेर पडताना मालकाने पुढे असावं.

"ती दारात असली की दारात जागा कुठे असते?"

हुकूम एका शब्दाचा आणि ठाम आवाजात द्यावा. यावर दाजी स्टुलावरून उठले आणि परत बसले. मग म्हणाले, "बाईमाणसाला हुकूम मी चाळीस वर्षांत केला नाही. आता या वयात कुठे सुरू करू?"

म्हणून चिमणीचं शिक्षण विनंतीवर झालं. "चिमणे, जरा बसतेस का?" असं दाजी म्हणायचे. चिमणी त्यांच्याकडे बघायची, मग वर तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघायची, आणि पुरेसा विचार झाला की बसायची. दुसऱ्या कोणी दरडावून 'बस' म्हटलं तर तिला ऐकूच जायचं नाही.

एक गोष्ट दाजींनी पुस्तकाप्रमाणे अगदी नीट केली, ती तुम्हीही करा. मोठ्या कुत्र्याला लहानपणापासून माणसांत, गोंगाटात, गाड्यांत न्यावं लागतं, नाहीतर तो मोठेपणी सगळ्याला भितो आणि भ्यालेला मोठा कुत्रा वाईट. दाजींनी चिमणीला ढोलपथकाच्या तालमीपासून शाळा सुटायच्या फाटकापर्यंत सगळीकडे फिरवलं. त्यामुळे बाहेर ती गाईसारखी होती. पोरं तिच्या पाठीला टेकून पत्ते खेळायची.

घोटाळा झाला तो पुढच्या प्रकरणात. राखण शिकवायची तर ओळखीच्या माणसाने चोराचं सोंग घेऊन घरात यावं, असं पुस्तक म्हणत होतं. दाजी म्हणाले, "विचारून बघू." त्यांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे कोणालाच नाही म्हणता आलं नाही. पहिले चोर तुमचे आजोबा.

आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून चोरी करायला गेले. ठरलं होतं असं, की त्यांनी पावलं न वाजवता आत जायचं, देव्हाऱ्यासमोरचं ताम्हण उचलायचं आणि पळायचं. ते उंबऱ्यात पोचले आणि आतून दाजी हळूच म्हणाले, "अहो, चपला."

"दाजी, मी चोर आहे," आजोबा म्हणाले.

"आहात ना. पण समोर देव आहेत."

आजोबांनी चपला काढल्या, जोडीने भिंतीशी लावल्या, आत जाऊन ताम्हण उचललं. चिमणीने त्यांना छातीने ढकलून पाडलं आणि पोटावर पंजा ठेवून शांत बसली. दाजी म्हणाले, "चिमणे, सोडतेस का?" तिने विचार करून सोडलं. मग सगळ्यांनी चहा घेतला.

त्यानंतर रविवारी सकाळी हा वाडीचा कार्यक्रमच झाला. सगळ्यांनी पाळीपाळीने चोऱ्या केल्या. वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माई, दात नाहीत पण नजर शाबूत, बघायला पाट घेऊन यायच्या. आमचे सेक्रेटरी, म्हणजे भाडेकरू संघाचे, दोनदा चोर झाले, कारण पहिल्या वेळी आपण पडलो ते नीट दिसलं नाही असं त्यांना वाटलं. प्रत्येक चोराने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. गिरगावात वाढलेला माणूस खून करायला गेला तरी आधी चपला काढेल.

पुढे चिमणी विचित्र वागू लागली. मीटर बघणारा माणूस दाजींच्या खोलीत बुटांसकट आला, मीटर बघितला, गेला. चिमणीने शेपूट हलवली. कुरियरवाला आला, गेला. आणि मी वाटीभर साखर परत द्यायला गेले, दाजी दूध आणायला गेले होते, तर तिने मला खांद्याने ढकलत भिंतीशी खाली बसवलं आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसली. दाजी येईपर्यंत मी तिथेच. "असं का करते कळत नाही," दाजी ओशाळून म्हणाले. "अनोळखी माणसाला सोडते आणि घरच्याला धरते. वहिनी, पुस्तकात काही आहे का?"

पुस्तकात काही नव्हतं.

मग वाडीचा सत्यनारायण आला. मांडव दाजींच्या दारात, खाली दाजींचीच सतरंजी, तेव्हा चिमणीच्या हिशेबाने ते घरच. सोवळं नेसलेले गुरुजी अनवाणी आले, पाटावर बसले आणि त्यांनी ताम्हण उचललं. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. दाजी मागे प्रसादाच्या पातेल्याशी होते. ते तिथून "सोडतेस का, सोडतेस का" म्हणत राहिले, पण लाउडस्पीकरवर भजन चालू होतं. गुरुजी शहाणे. त्यांनी बसल्या जागी, मांडीवर चिमणीचं डोकं घेऊन, पोथी वाचायला सुरुवात केली. पाचही अध्याय सांगितले, एक ओळ गाळली नाही. दरवर्षी दोन अध्यायांनंतर ते घड्याळ बघतात. माई म्हणाल्या, इतकी सविस्तर कथा त्यांनी लग्नानंतर ऐकली नव्हती.

सेक्रेटरींना मात्र हसू आलं नाही, आणि त्यांचंही चूक नव्हतं. "आज गुरुजी आहेत, उद्या एखादी म्हातारी खाली पडली आणि कंबर मोडली तर?" त्यांनी सभा बोलावली. कर्जतला त्यांच्या ओळखीच्यांची वाडी होती, आंब्याची. तिथे चिमणीला पाठवायचं, असा ठराव मांडायचा होता.

दाजींना हे कळलं त्या दिवसापासून ते दाराशी बसेनात. मी डबा घेऊन गेले तर तसाच परत दिला. "तिकडे मोकळी जागा आहे म्हणतात," एवढंच बोलले. चिमणीने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं होतं आणि त्यांचा पाय बधिर झाला होता, पण ते हलले नाहीत.

आता वाडीची सभा वर्षानुवर्षं भरायची ती दाजींच्याच खोलीत, कारण खोली मोठी. त्यांच्याविरुद्धची सभाही तिथेच भरली, आणि यात काही विचित्र आहे असं कुणालाच वाटलं नाही, दाजींनाही नाही. त्यांनी स्वतः सतरंजी घातली, पंखा लावला, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. चिमणीला स्वयंपाकघरात घालून कडी लावली. मग म्हणाले, "माझ्याविषयी बोलायचंय. मी असलो तर तुम्हाला अवघड वाटेल," आणि छत्री घेऊन चौपाटीवर निघून गेले. सभ्यपणाने स्वतःच्या घराबाहेर गेलेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आम्ही चपला बाहेर काढून आत बसलो. सेक्रेटरींनी घसा खाकरला. "तर मंडळी, विषय सगळ्यांना माहीत आहे," असं ते म्हणाले आणि स्वयंपाकघराची कडी खळकन पडली.

चिमणी बाहेर आली. तिने आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं. इतके चोर तिने एका वेळी कधी पाहिले नव्हते. क्षणभर ती गोंधळली असावी. मग तिने बाहेरच्या दारात, उंबऱ्याला लागून, आडवं अंग टाकलं. तळमजल्याच्या खिडक्यांना गज होते.

"घाबरू नका," सेक्रेटरी म्हणाले आणि उठले. चिमणीही उठली. सेक्रेटरी बसले. चिमणीही बसली.

"फोन लावा दाजींना," कोणीतरी म्हणालं. लावला. फोन समोरच्या फळीवर वाजला.

आम्ही बसून राहिलो. ठराव मांडायचं कोणाला सुचेना, कारण जिच्याविषयी ठराव ती दारात बसली होती. तेवढ्यात कोळीण मावशी आली. मासळी विकून झाली होती आणि उरलेली मुंडकी चिमणीला द्यायची होती. ती चपला न काढता चिमणीला ओलांडून आत आली, कोपऱ्यातल्या भांड्यात मुंडकी टाकली आणि परत ओलांडून बाहेर गेली. चिमणीने तिचा पाय चाटला.

"अगं मावशी, तुला कशी सोडली?" माईंनी विचारलं.

"मला काय धरायचंय? मी काय चोर हाय?"

मी तिच्या पायांकडे बघितलं. मग आमच्या सगळ्यांच्या पायांकडे बघितलं. मीटरवाला आठवला, कुरियरवाला आठवला, गुरुजी आठवले, आणि भिंतीशी जोडीने लावलेल्या आजोबांच्या चपला आठवल्या.

"मावशी," मी म्हटलं, "बाहेरच्या चपला जरा आत टाकतेस का?"

"कुनाच्या?"

"कुणाच्याही. दिसतील त्या."

मावशीने दोन्ही हातांनी चपला उचलून आत भिरकावल्या. ज्याला जी मिळाली ती त्याने घातली. सेक्रेटरींच्या एका पायात माईंची रबरी होती आणि दुसऱ्यात माझी टाचेची. चिमणी उठली, आमच्याकडे बघून तिच्या कपाळावरच्या आठ्या पहिल्यांदा सैल झाल्या आणि शेपटीने तिने पाण्याचा तांब्या उडवला. इतके पाहुणे आल्याचं तिला आत्ता कळलं होतं.

त्याच वेळी दाजी परत आले. दारात उभे राहून त्यांनी पाहिलं. त्यांची सतरंजी, समोर देव, आणि वाडीतले सगळे प्रतिष्ठित लोक एकमेकांच्या चपला घालून त्यावर उभे.

"चपला काढा," दाजी म्हणाले.

आवाज इतका ठाम होता की पुस्तकवाल्याने ऐकायला हवा होता. कोणी म्हणालं, "नको दाजी, ऐका तरी." दाजी म्हणाले, "आधी चपला काढा." सगळ्यांनी काढल्या. सेक्रेटरींनी दुसरी काढली मात्र, ते आडवे होते आणि त्यांच्या पोटावर पंजा होता.

मी दाजींना सगळा उलगडा करून सांगितला. ते ऐकता ऐकता खुर्चीवर बसले. "म्हणजे तिने बरोबर केलं," ते म्हणाले. "जसं शिकवलं तसं."

"दाजी, तिची चूक नाही हे मला मान्य आहे," सेक्रेटरी खालून म्हणाले. "पण वाडीत म्हातारी माणसं आहेत. ठराव करावाच लागेल."

कोणीतरी सवयीने उठून म्हणालं, "दाजी, तुम्ही बसा, मी चहा ठेवतो." चिमणीने पंजा न उचलता नुसत्या नजरेने त्यालाही बसवलं.

तेव्हा माई म्हणाल्या, "थांबा रे. जावईबापू, तुम्हाला काय हवंय?"

हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. दाजींनी खिशातला कंगवा काढला, बघितला, परत ठेवला.

"लग्नात मी रुसलो नव्हतो," ते म्हणाले.

तुम्हाला हे माहीत नसेल. पूर्वी लग्नात नवरदेव जेवणाच्या पंगतीत रुसून बसायचा. पानाला हात लावायचा नाही. मग सासरे अंगठी, सायकल, काहीतरी देऊन त्याची समजूत काढायचे. रुसणं हा त्याचा हक्कच होता आणि रुसलेला जावई उपाशी उठला तर घराची नाचक्की.

"सासऱ्यांनी घड्याळ आणून ठेवलं होतं," दाजी म्हणाले. "मला रुसायला जमेना. ही शेजारी बसून हसत होती. मी जेवून टाकलं."

"खरं आहे," माई म्हणाल्या. "मी वाढत होते. दोनदा मठ्ठा घेतला यांनी."

"तर आता रुसतो," दाजी म्हणाले. त्यांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

माईंनी पदर सावरला. "सेक्रेटरी, जावई रुसलाय."

"मग मी काय करू?"

"मी काय करू काय? तुझी चुलत आत्या दिली होती ना त्यांना? सगळ्यांत जवळचा तूच. काढ समजूत."

सेक्रेटरींनी वर बघितलं. वर चिमणीची लाळ लोंबत होती. कायदा, सुरक्षितता, कर्जत, यातलं काही रुसलेल्या जावयापुढे चालत नाही हे त्यांनाही माहीत होतं. "दाजी," ते म्हणाले, "राहू दे चिमणी. तोंड फिरवा इकडे. आणि हिला उठायला सांगा."

"विचारून बघतो," भिंत म्हणाली.

ठरावाऐवजी असं ठरलं की चिमणीला नव्याने शिकवायचं, आणि या वेळी चोराने चपला घालूनच आत जायचं. आजोबांनी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला. उंबऱ्यापर्यंत ते अगदी निश्चयाने गेले. मग देव दिसले आणि पाय आपोआप मोकळे झाले. सेक्रेटरींनी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा घाम फुटला. वाडीत एकही माणूस चोरीला लायक निघाला नाही. शेवटी ते सोडून दिलं. दाजींनी देवांपुढे पडदा लावला आणि ज्याला लवकर निघायचं असेल त्याने चपला घालून यावं, अशी सगळ्यांना परवानगी दिली.

एकट्या माईंनी ती मानली नाही. त्या रोज दुपारी दाजींकडे अनवाणी जायच्या. चिमणी त्यांना हलकेच टेकून बसवायची आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून घोरायची. दाजी दोघींना पंख्याचा वारा लागेल अशी खुर्ची सरकवायचे आणि माईंच्या गप्पा सुरू व्हायच्या. एकदा माईंची सून खिडकीच्या गजांशी येऊन म्हणाली, "आई, चला ना घरी. भाजी निवडायची राहिलीय."

"कशी येऊ गं? मला धरलंय."

"दाजी, सोडायला सांगा की हिला."

"मी विचारलं," दाजी म्हणाले. "ती विचार करतेय."

सून घरी जाऊन माईंच्या चपला घेऊन आली आणि गजांतून आत धरल्या. माईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ठेव तिकडेच खाली," त्या म्हणाल्या, "आणि ओरडू नकोस, पोर झोपलीय."